भगवंतरावांचे बूट

थंडी पडली की धाड गावाच्या आसपासच्या वस्त्यांवर म्हातारी माणसं भराभर जातात, आणि ती गेली की अनंतमहाराजांचे पाय फुटतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे त्या भागात कोणी विचारत नाही. म्हणून तो इथे आधीच सांगून टाकलेला बरा.

अनंतमहाराज क्रियाकर्म करणारे. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न यांचे महाराज वेगळे असतात. ते गाडीतून येतात, केशरी दूध पितात आणि फोटोत उभे राहतात. अनंतमहाराजांना लोक बोलावतात दसव्याला आणि तेरवीला. काम झालं की तीच माणसं चार दिवसांनी सकाळच्या वेळी बाजारात समोरून आली, तर चपलेचा बंद नीट करायला खाली वाकतात. सकाळी कोणाचं तोंड बघावं याचे गावाचे नियम ठरलेले आहेत आणि त्या नियमांत महाराजांचं तोंड बसत नाही. आपल्याला आता त्याचं काही वाटत नाही, असं महाराज म्हणायचे. शारदाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या की वाटत नाही तर दर वेळी घरी येऊन सांगता कशाला.

तर पाय. तेरवीला महाराजांना न्यायला मोटारसायकल येते. सोडायला कोणी येत नाही. यजमान कंजूष असतात म्हणून नव्हे, त्या भागात तशी रीतच आहे. मेलेला माणूस पायी वाटेला लागलेला, मग त्याच्या नावाचं सामान ज्यानं घेतलं त्यानं गाडीवर बसून कसं जायचं? तेव्हा धोतर, तांब्या, छत्री, काठी, चपला असं सगळं काखोटीला मारायचं आणि डांबरी सडकेपर्यंत पायी निघायचं. मागं वळून बघायचं नाही आणि कोणी हाकही मारायची नाही. वस्त्या सगळ्या आडमार्गाला. सडक येईपर्यंत माणसाला आपलं अख्खं आयुष्य आठवून होतं, आणि वर जीप मिळेल याची खात्री नाही.

पौषात ही वाट हरभऱ्यातून जाते. उन्हं चढेपर्यंत शेतं दवानं निथळत असतात, आणि हरभऱ्यावरचं दव साधं नसतं. त्या पानांवर एक खारट, आंबट रस धरतो, त्याला आंब म्हणतात. पोटदुखीवर औषध म्हणून बाया ती फडक्यानं टिपून बाटलीत भरून ठेवतात. फुटलेल्या टाचेत ती गेली की माणूस बांधावर बसकण मारतो. महाराज कित्येक हिवाळे असे बांधावर बसले. मग दोन वर्षांमागं आंब झोंबायची थांबली. महाराजांना वाटलं, चला, एकदाचे पाय सुधारले. त्यांनी तसं शारदाबाईंना आनंदानं सांगितलंही होतं.

पाय सुधारले नव्हते, मेले होते. साखर वाढून वाढून तळव्यांतली जाणीवच गेली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरनं पायाला सुई टोचत विचारलं, कळतंय का? महाराज म्हणाले, काय कळतंय का? तेव्हा डॉक्टरनं सुई खाली ठेवली आणि शारदाबाईंकडे बघून बोलायला लागला. यांना आता चपला घालू देऊ नका. बंद बूट घ्या, पाणी आत न जाणारे. थंडीत ओल्या पायांनी चालणं बंद. बूट पुढून रुंद हवा, आतून मऊ हवा आणि बरोबर मापाचा हवा. घट्ट नको, आणि सैल तर अजिबात नको, कारण आत पाय घासला तर यांना समजणार नाही. जखम झाली तर बोट जाईल, मग पाऊल जाईल.

घरी आल्यावर शारदाबाईंनी माळ्यावरचं पोतं खाली ओतलं. पोत्यात दानाच्या चपला होत्या. तेरवीच्या सामानाच्या दुकानात दानाचा तयार सेट मिळतो. त्यात हातभर छत्री असते, जी उघडली तर परत मिटत नाही, आणि एक रबरी चपलेचा जोड असतो, ज्याचा तळ पापडाएवढा पातळ. कोणाचं माप बघून तो कोणी घेत नाही. त्या ढिगात बायकांच्या चपला होत्या, पोरांच्या होत्या, एक जोड तर दोन्ही डाव्या पायांचा होता. आणि हे सगळं देताना प्रत्येक तेरवीला महाराज एक वाक्य म्हणत आले होते, की जे माझ्या पायात, तेच गेलेल्याच्या पायात. ऐकून लोक मान डोलवायचे, हात जोडायचे आणि बापाला त्या पापडावर वर्षभराच्या वाटेला लावून मोकळे व्हायचे.

"मांगा एखांद्या यजमानाले," शारदाबाई म्हणाल्या. "नाहीतरी चपला देतातच. त्याच्यापरीस एक धड बूट द्या म्हना."

"मी कोनाले काही मांगतलं नाही आजपावतो."

"म्हनूनच हे पोतं भरलं."

"शारदा, मांगनारा महाराज म्हनून एकदा नाव पडलं की मंग मानूस दारात उभा करत नाही."

"आता कोन करते?"

काही न मागणं, महाराजांजवळ गर्व करण्यासारखी ही एकच गोष्ट होती. दक्षिणेचं ताट पुढं आलं तर ते त्यात बघत नसत. जे द्याल ते, म्हणायचे आणि गाठोडं बांधायचे. ज्या माणसाला सकाळी कोणी बघत नाही, त्याला संध्याकाळी स्वतःकडे बघायला काहीतरी लागतं. शारदाबाईंना हे कळत होतं. म्हणून तर त्यांचा संताप संताप व्हायचा.

त्याच पंधरवड्यात देऊळघाटचे भगवंतराव गेले. मोठं खटलं, ओलिताची शेती, मुलगा हर्षल पुण्यात कंपनीत. दसवा झाल्याच्या संध्याकाळी हर्षलचा फोन आला.

"महाराज, तेरवीचं थोडं विचारायचं होतं. ते चपला देतात ना, त्या मला सेटमधल्या नाही द्यायच्या."

महाराज खाटेवर सरळ होऊन बसले.

"बाबांना चालायचं वेड होतं," हर्षल सांगू लागला. "हिवाळ्यात तर पहाटेच निघायचे, उन्हं वर आल्यावर परत. मला कितीदा म्हणाले, पाणी आत जात नाही असे बूट बघ रे पुण्यात, दवानं पाय गारठतात. मी बघतो बघतो म्हणत राहिलो. मग त्यांना झटका आला आणि चालणंच संपलं. आता तरी चांगले बूट द्यायचेत. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही येता का उद्या बुलढाण्याला, माझ्याबरोबर?"

महाराजांनी फोन ठेवला. शारदाबाईंनी सगळं ऐकलं होतं. रात्री त्यांनी महाराजांच्या टाचांना कोकम तेल लावून वर फडकी बांधली. दुकानात पाय दाखवायची वेळ येणार होती.

दुकान चांगलं मोठं होतं, बाहेरून आतलं सगळं दिसेल असं काचेचं. महाराज दारातच चपला काढू लागले तर दुकानातला पोरगा म्हणाला, राहू द्या काका, घालूनच या. हर्षलनं त्याला सांगितलं की वॉटरप्रूफ बूट पाहिजेत, लांब चालण्यासाठी, थंडीतले, आणि आरामशीर.

"ट्रेकिंगले का रोजच्या वापराले?" पोरानं विचारलं.

हर्षलनं महाराजांकडे पाहिलं.

"लांबचं चालनं आहे," महाराज म्हणाले. "वर्षभराचं."

"वर्षभर? परिक्रमा करून राह्यले का कोनी?"

"तसंच काहीतरी," हर्षल म्हणाला.

पोरानं चार-पाच खोकी आणून उघडली. हर्षल एकेक बूट हातात घेई आणि महाराजांपुढं धरी. "महाराज, तुम्हाला माहिती. कशी असते हो ती वाट?"

महाराजांनी ती वाट शेकडो वेळा सांगितली होती. नदीच्या काठावर बसून, ओल्या धोतरात, नाकातल्या नाकात. इथे खुर्चीवर बसून, दिव्याच्या उजेडात सांगायची पहिलीच वेळ. "थंडं वारं हाय," ते म्हणाले. "झाड नाही आडोशाले. काटे हायेत. सराटा बारीक रायते, पन तळातून वर येते. मंधात पानी आडवं येते, घोट्याच्या वर. खाली गोटे, शेवाळलेले." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की पोथीत शेवाळ नाही. शेवाळ धाडच्या अलीकडच्या नाल्यात आहे. तरी ते थांबले नाहीत. "तळ जाड पायजे, पन वजन नोको. पुढून रुंद. घोटा झाकला पायजे. आतून शिवन नोको, ते घासते. अन् कोरडा राह्यला पायजे पाय, काही झालं तरी."

हर्षल कान देऊन ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. महाराजांना एकदम आपलीच शरम वाटली. मेलेल्या माणसाच्या नावानं आपण आपल्या पायाचं सांगतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. पण दोन्ही वाटा सारख्याच असतील तर त्यात खोटं कुठं आहे, असंही त्यांच्या मनात आलं.

शेवटी एक करड्या रंगाचा जोड निवडला गेला. पोरानं बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून खाली पडले, बुटाला ओल म्हणून लागली नाही. महाराजांनी आत हात घालून पाहिला. आत कुठेही शिवण लागत नव्हती.

"घालून बघा ना, महाराज," हर्षल म्हणाला.

पोरानं त्यांचा पाय मापला, सात नंबर आणला आणि स्वतः खाली बसून नाड्या बांधल्या. महाराज उभे राहिले आणि दुकानाच्या सतरंजीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. तळव्याला काही कळलं नाही. पण घोट्याला कळलं, गुडघ्याला कळलं. इतकी वर्षं चालताना अंगात जी एक सावधगिरी भरून राहिलेली होती ती खाली उतरली. त्यांना आणखी एक फेरी मारायची होती. लाज सोडून त्यांनी ती मारलीही.

"कसं वाटतंय?"

"चांगलं वाटते," महाराज म्हणाले.

"मग हाच. यातला दहा नंबर काढ," हर्षल पोराला म्हणाला, आणि पिशवीतून त्यानं बापाची जुनी चप्पल काढून काउंटरवर ठेवली. "हे माप."

महाराज आहे तिथेच उभे राहिले. इथे एक शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द शास्त्राचाच होता. माप दान घेणाऱ्याच्या पायाचं असावं लागतं, बाबा. मला टोचलं तर त्यांना टोचेल, मला सैल झालं तर ते वाटेत पडतील. दर तेरवीला म्हटलेलंच वाक्य, फक्त नदीऐवजी दुकानात. त्यांनी तोंड उघडलंही.

"खरं सांगू का महाराज," हर्षल त्यांच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "आमचे काका म्हणत होते, महाराजाला दुकानात नेऊ नको, तो स्वतःची खरेदी करून घेईल. मी म्हटलं, बघू तरी. पण तुम्ही एवढा वेळ फक्त बाबांच्या वाटेचंच बोललात. स्वतःसाठी एक शब्द नाही. अशी माणसं राहिली नाहीत हो."

झालं. त्या पोरानं कौतुक करून त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. महाराज खुर्चीवर बसले आणि नाड्या सोडू लागले.

"ह्या काकाले तर सात बरोबर बसला ना?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"ते फक्त बघत होते," हर्षल म्हणाला.

तेरवीला नदीवर बरीच माणसं जमली होती. थंडीनं सगळे कानाला रुमाल बांधून बसलेले. दानाच्या सामानात ते करडे बूट मधोमध ठेवले होते आणि लोक माना उंचावून त्यांच्याकडे बघत होते. महाराजांनी मंत्र म्हटले, पिंड झाले, सामानाला हात लावून संकल्प झाला. जे माझ्या पायात ते गेलेल्याच्या पायात, हे वाक्य मात्र त्यांनी गिळलं. ते म्हटलं असतं तर तक्रार केल्यासारखं झालं असतं. आजवर एकाही तेरवीला ते गाळलं नव्हतं.

पण भगवंतरावांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, ते दुसऱ्या कुठल्या तरी तेरवीतलं पाठ होतं. "महाराज, हे त्याईले पोचतात ना?" त्यांनी विचारलं.

"पोचतात."

"मंग घालून चाला ना दोन पावलं. माह्या समोर चाला."

महाराजांनी पाय घातले. बुटांत पुढं तीन बोटं जागा उरली, मागून टाच उचलली की बूट खालीच राहायचा. ते दक्षिणेकडं निघाले. बूट निघू नयेत म्हणून त्यांना पाय न उचलता, वाळूवरून ओढत न्यावे लागत होते. खर्र, खर्र असा आवाज येत होता. चौथ्या-पाचव्या पावलाला त्यांचा तोल गेला आणि त्यांनी दानाची काठी टेकवली.

मागून मंजुळाबाईंचा हंबरडा आला. "असेच चालत होते वो! झटका आल्यावर असेच, पाय घाशत, काठी टेकवत. तेच हायेत हे."

सगळी माणसं उठून उभी राहिली. कोणी टोपी काढली, कोणी हात जोडले. ज्या काकांनी महाराजाला दुकानात नेऊ नको म्हणून सांगितलं होतं, ते पुढं येऊन वाळूत गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बुटांवर डोकं ठेवलं. हर्षल तर बुटांना मिठीच मारून बसला. त्याला बापाला चालताना बघायचं होतं, आणि त्यानं ते बघितलं. महाराज वरून त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांच्या पायांना इतक्या माणसांनी हात लावला नव्हता, आणि लावला तेव्हा पाय त्यांचे धरलेले नव्हते.

"महाराज, आता सडकेपर्यंत हेच घालून जा," काका डोळे पुसत म्हणाले. "काढू नोका."

ते गेले तसेच. मागं वळून बघायचं नसतं, त्यांनी बघितलं नाही.

शारदाबाईंनी दारातच ओळखलं. "कोनाचे आनले हे?"

"भगवंतरावचे."

"तुमच्या मापाचे काऊन नाही घेतले? तुमी तथीच होते ना?"

महाराजांनी सगळं सांगितलं. शारदाबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या की बदलून आणा, नवेच आहेत, हर्षलकडून दुकानाची पावती मागून घ्या, एवढंच तर आहे.

"आता कसं मांगू? भगवंतराव चालले त्या बुटाइत, पुऱ्या गावासमोर. हर्षलच्या मायनं पाह्यलं. मी बदलून सात नंबर घालतो म्हनलं तर तिचा नवरा गेला ना पुन्हा."

"अन् डॉक्टरनं सांगतलेलं?"

"कोरडे रायतात पाय. निम्मं तर झालं."

शारदाबाईंनी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि बुटांच्या पुढच्या भागात कोंबल्या. पावलाला आणि घोट्याला आणखी दोन वेढे दिले. त्यांचा हात चालत होता तो सगळा रागानं. ह्या माणसाला स्वतःसाठी एक वाक्य बोलता येत नाही, आणि दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी मात्र हा गळा सुकेपर्यंत बोलतो, हे त्यांनी लग्न झाल्यापासून सोसलं होतं. त्या दिवशी त्यांना ते सोसेना.

तो हिवाळा महाराजांचा दणक्यात गेला. देऊळघाटची गोष्ट आसपास पसरली होती. ज्यांच्या बुटांत गेलेला माणूस चालून दाखवतो ते महाराज म्हणून लांबलांबची बोलावणी येऊ लागली. बोलावणी वाढली तशी पायपीटही वाढली. बूट खरंच चांगले होते, नावं ठेवायला जागा नव्हती. हरभऱ्यातून गेले, नाल्यातून गेले, दवात भिजलेल्या गवतातून गेले, पण बाहेरचा पाण्याचा थेंब आत गेला नाही. बाजारात लोक बुटांकडे बघून म्हणायचे, महाराजाची मजा हाय बा. महाराजही हो म्हणायचे. चपलेच्या दिवसांपेक्षा त्यांना बरंच वाटत होतं. आता तर पाय गारही पडत नव्हते.

जसा बाहेरचा थेंब आत जात नव्हता, तसा आतलाही बाहेर येत नव्हता. आत पट्ट्या सरकत होत्या, पाऊल पुढं मागं होत होतं, उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट दर पावलाला घासत होतं. चामडी गेली, मग मांस गेलं. महाराजांना काही समजलं नाही, आणि थंडीत पावलावरचे वेढे ते रात्रीही सोडत नसत. बूट काढला की तो आतून हाताला कोमट लागायचा आणि ते म्हणायचे, काय गरम बूट आहे. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी शारदाबाईंना घरात कसला तरी वास आला. त्यांनी उंदीर मेला म्हणून सगळं घर पालथं घातलं. शेवटी दाराजवळ ठेवलेला बूट उचलला.

बुलढाण्याला दोन बोटं काढली. डॉक्टर रागावला, पण शारदाबाईंवर. तुम्हाला सांगितलं होतं ना, सैल नको म्हणून? त्यांनी ऐकून घेतलं. हे सगळं कसं झालं ते त्या डॉक्टरला सांगायचं म्हटलं तर नदीपासून सुरुवात करावी लागली असती.

घरी आल्यावर चार दिवसांनी हर्षलचा फोन आला. महाराज खाटेवर पाय उशीवर घेऊन पडले होते. पायाला घोट्यापर्यंत पट्ट्यांचं गाठोडं बांधलेलं. त्यांनी फोन कानाला लावला, आणि आवाज मोठा असल्यामुळं शारदाबाईंनाही सगळं ऐकू येत होतं.

"महाराज, एक विचारू का, रागावू नका. आईला सारखं स्वप्न पडतंय. बाबा कुठंतरी बसलेत, पाय धरून. चालत नाहीत म्हणे. ती सारखी म्हणते, महाराज ते बूट घालतात ना, का दुकानात परत दिले, ते विचार. म्हणजे लोक सांगतात हो तसं, की दानाचं सामान परत दुकानात जातं."

शारदाबाई चुलीजवळून उठून खाटेपाशी आल्या. त्यांनी हात पुढं केला, फोन माझ्याकडे द्या म्हणून. महाराजांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घालतो मी," ते म्हणाले.

"टोचत वगैरे नाहीत ना?"

शारदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आता तरी बोला, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एक म्हातारी बाई देऊळघाटला झोपेतून दचकून उठते आहे, हे महाराजांना दिसत होतं. तिला काय सांगायचं? की तुमचं स्वप्न खरं आहे, भगवंतराव खरंच पाय धरून बसले आहेत? तीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं की इथलं तिथं पोचतं. ते खरं नसेल तर त्यांचं सगळं आयुष्य वाया गेलेलं होतं. आणि खरं असेल, तर आज त्या बाईचा नवरा दोन बोटं तुटून वाटेत पडलेला होता.

"नाही," महाराज म्हणाले. "मस्त बसले. पायाले समजतही नाहीत घातलेले."

"बरं झालं. मग एक कराल का? पायात घातलेला एक फोटो पाठवता? आईला दाखवला की तिला झोप लागेल."

महाराजांनी हो म्हणून फोन ठेवला.

शारदाबाई बाहेर गेल्या आणि परसात टाकलेले ते बूट घेऊन आल्या. बाहेरून धुऊन वाळवले होते, तरी वास गेला नव्हता. त्यांनी आतल्या धोतराच्या पट्ट्या उपसून फेकल्या. डावा चढवला. मग उजवा हातात घेऊन त्या पट्ट्यांच्या गाठोड्याकडे बघत बसल्या.

"चढव," महाराज म्हणाले.

त्यांनी नाड्या पूर्ण सैल केल्या, बुटाची जीभ बाहेर ओढली आणि गाठोडं हळूहळू आत सरकवलं. ते आत गेलं. पुढं जागा उरली नाही, मागं उरली नाही. टाच हलेना, घोटा डुलेना. कोणी माप घेऊन बनवावा तसा दहा नंबरचा बूट महाराजांच्या पायाला बरोबर बसला.

शारदाबाईंनी फोटो काढला. हर्षलचं उत्तर लगेच आलं. त्यानं हात जोडल्याची दोन चित्रं टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, आईला दाखवला, ती म्हणते अगदी यांच्याच मापाचे घेतलेस, आता यांची काळजी नाही.

शारदाबाईंनी ते महाराजांना वाचून दाखवलं. मग त्या खाली बसून उजवा बूट काढायला लागल्या, तर तो निघेना. पट्ट्या आत अडकल्या होत्या. त्यांनी एकदा ओढून पाहिलं आणि हात मागं घेतला.

"ओढ ना," महाराज म्हणाले. "मले काही समजत नाही."